जुन्या अमेरिकी महापौराचं चरित्र कसं शोधावं

एकोणिसाव्या शतकातल्या महापौराचा शोध मृत्युलेखापासून सुरू करू नका; त्यात कौतुकच जास्त असतं. आधी शहराची सनद वाचा. महापौराला कोण निवडायचं आणि मुदत किती, हे तिच्यात कळतं. न्यूयॉर्कमध्ये मतदारांनी महापौर थेट निवडला तो १८३४ साली. शिकागोत १८६३ पर्यंत मुदत एकच वर्षाची होती, त्यामुळे त्याआधीचा ‘तीनदा महापौर’ म्हणजे फार तर तीन वर्षांचा कारभार.

मग जनगणना. १८५० पासून घरातल्या प्रत्येक स्वतंत्र (म्हणजे गुलाम नसलेल्या) माणसाचं नाव येतं. त्याआधी फक्त कुटुंबप्रमुखाचं. १८६० आणि १८७० च्या पानांवर स्थावर आणि जंगम मालमत्तेचे वेगळे रकाने आहेत. पदाआधी आणि पदानंतर माणूस किती श्रीमंत झाला, याचा अंदाज तिथे येतो. मात्र आकडे स्वतः सांगितलेले असतात आणि यादवी युद्धात महागाई वाढली होती, हे विसरू नका. १८९० ची जनगणना १९२१ च्या आगीत आणि त्यानंतर जवळपास सगळी नष्ट झाली. १८८० ते १९०० ही वीस वर्षांची पोकळी शहराच्या डिरेक्टरीने, म्हणजे रहिवाशांच्या छापील वार्षिक यादीने भरा: दरवर्षीचा धंदा आणि पत्ता ओळीने लिहून काढा. नावापुढे ‘एच’ असेल तर ते राहतं घर, ‘बीडीएस’ असेल तर दुसऱ्याच्या घरी पैसे देऊन राहणं-जेवणं.

नावांत हमखास फसगत होते. शिकागोत कार्टर हॅरिसन बाप-लेक दोघंही पाच-पाच वेळा महापौर झाले. बापाची ऑक्टोबर १८९३ मध्ये हत्या झाली, मुलगा १८९७ मध्ये पदावर आला. म्हणून प्रत्येक नोंदीला तारीख जोडाच.

खरा माणूस दिसतो तो नकाराधिकारात. बफेलोत १८८२ साली नगरसभेने रस्तेसफाईचं कंत्राट ४,२२,५०० डॉलरला दिलं. सर्वांत कमी निविदा त्याहून लाखभर डॉलरने खाली होती. महापौर ग्रोव्हर क्लीव्हलंड यांनी ते कडक शब्दांत परत पाठवलं आणि नगरसभेला माघार घ्यावी लागली. पुढच्याच जानेवारीत ते न्यूयॉर्क राज्याचे गव्हर्नर झाले, १८८५ मध्ये राष्ट्राध्यक्ष. असा एक कागद दहा मृत्युलेखांना भारी पडतो. म्हणून नगरसभेचं इतिवृत्त, निविदांचे आकडे आणि नकाराचा मजकूर शेजारी ठेवून वाचा.

वृत्तपत्रं तेव्हा उघडपणे पक्षाची असत, तेव्हा दोन्ही बाजूंची काढा. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या ऑनलाइन संग्रहात कितीतरी अंक मोफत वाचता येतात, पण झिजलेल्या छपाईमुळे संगणक आडनाव चुकीचं वाचतो. नावाने काही सापडलं नाही, तर निवडणुकीची तारीख किंवा त्यांच्या घराच्या रस्त्याचं नाव टाकून पाहा.