संस्था चालवताना मन मऊ, हिशोब कडक

२०१९ च्या ऑगस्टात कर्नाटकात कृष्णा, घटप्रभा नद्यांना पूर आला तेव्हा आमच्या छोट्या संस्थेकडं पैसे, धान्य, चादरी सगळं एकदम आलं, आणि त्याच गडबडीत आमच्या एका पोरानं डोनेशनमधले थोडे पैसे आईच्या औषधाला वापरले, न विचारता. पोरगं चांगलं, रात्रभर चिखलात राबलेलं. अशा वेळी काय करायचं ओ?

आधी त्याला एकट्याला बसवा, चहा द्या, ऐका. चारचौघांत अजिबात नको. पण त्याच दिवशी रक्कम लिहून घ्या, कमिटीला सांगा, हप्ते ठरवा आणि पैशांचं काम दुसऱ्याकडं द्या. माणूस तोडायचा नाही, पण कपाटाची चावीबी परत द्यायची नाही, निदान हप्ते फिटेपर्यंत तरी. आईला मदत करायचीच तर आपल्या खिशातनं करा, पूरग्रस्तांच्या पैशातनं नको, ते पैसे आपले नव्हेतच की.

मग सवयी लावा. बँकेत दोघांच्या सह्या, प्रत्येक रुपयाला पावती. २००० रुपयांपेक्षा मोठी देणगी रोख घेऊ नका, संस्थेला ८०जी, म्हणजे देणगीवर आयकरात सूट मिळवून देणारी मान्यता, असली तरी देणाऱ्याला त्यावर सूट मिळत नाही. १९६० च्या कर्नाटक सोसायटी कायद्याखाली नोंदणी असेल तर ऑडिट झालेला ताळेबंद दरवर्षी रजिस्ट्रारकडं द्यावाच लागतो, तोच मराठीत आणि कन्नडमध्ये गावात देवळाबाहेर लावा, लोकं थांबून वाचतात बघा.

आणि कार्यकर्त्यांसाठी वेगळा अडचण फंड ठेवा, देणगीदारांना आधी सांगून.