भाषेचं लायसन्स बदलताय? मग या चुका टाळा

ओपन सोर्स प्रकल्पात लायसन्सची (कोड कोणत्या अटींवर वापरता येईल त्या परवान्याची) फाइल बदलायला एक कमिट (बदलाची एक नोंद) पुरतो, पण लायसन्स तेवढ्याने बदलत नाही. प्रोग्रामिंग भाषेचं तर नाहीच. तिच्या कोडमध्ये अनेकांनी अनेक वर्षं लिहिलेल्या ओळी असतात, आणि त्यातला काही भाग थेट वापरणाऱ्यांच्या प्रोग्राममध्ये जाऊन बसतो.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे मेंटेनरलाच (प्रकल्प सांभाळणाऱ्यालाच) मालक समजणं. कॉपीराइट लेखी हस्तांतरित करून घेतलेला नसेल, तर ज्याने ओळ लिहिली त्याचीच ती राहते. जुनं लायसन्स एमआयटी किंवा बीएसडीसारखं सैल (वापरणाऱ्यावर फारशा अटी न घालणारं) असेल तर काम सोपं जातं, तरी जुनी कॉपीराइट सूचना ठेवावीच लागते. जीपीएल (त्यावर बेतलेला कोड वाटताना तोही त्याच अटींवर खुला ठेवायला लावणारं लायसन्स) किंवा एलजीपीएल (लायब्ररींसाठीचं त्याचं सौम्य रूप) यांवरून सैल लायसन्सकडे जायचं असेल तर प्रत्येकाची परवानगी हवी. उत्तर आलं नाही म्हणजे होकार मिळाला, असं धरू नका. जो सापडतच नाही त्याचा भाग काढून नव्याने लिहा, आणि तोही जुना कोड समोर ठेवून नव्हे.

एलएलव्हीएमने (कंपायलर बांधण्याच्या साधनांचा प्रकल्प) अपाची २.० या सैल लायसन्सकडे जाताना जे केलं ते मला सर्वांत शहाणपणाचं वाटतं. जानेवारी २०१९ पासून येणारा कोड नव्या लायसन्सखाली घ्यायला सुरुवात केली, आणि जुन्या कोडसाठी एकेकाची संमती गोळा करणं मागाहून चालू ठेवलं. तोपर्यंत जुनं लायसन्सही जागेवर होतं. आधी तारीख ठरवा, म्हणजे परवानगी मागायच्या लोकांची यादी रोज वाढत राहणार नाही.

होकार कोणाचा घ्यायचा, हेही नीट पाहा. भारतीय कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ नुसार नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या कोडचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, कंपनी असते. पुण्यातल्या एखाद्या इंजिनिअरने ऑफिसच्या कामातून पॅच (कोडमधला बदल) पाठवला असेल तर त्याच्या एकट्याच्या होकाराने भागणार नाही. कलम १९ तर त्याहून जास्त अडवतं. हस्तांतरणाच्या कागदात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. परदेशी प्रकल्पाचा तयार फॉर्म भारतातल्या लोकांकडून सही करून घेण्याआधी या दोन गोष्टी त्यात आहेत का, हे वकिलाला दाखवून घ्या.

भाषेच्या बाबतीत खरी खोच मात्र पुढे आहे: कंपाइल झालेल्या प्रोग्राममध्ये भाषेचं काय काय उतरतं? रॅकेट ही भाषा एलजीपीएलखाली होती. ते लायसन्स लायब्ररी आणि प्रोग्राम यांच्यातली सीमा गृहीत धरतं. पण रॅकेटमधले मॅक्रो (कोड तयार करणारे कोडचे साचे) कंपाइल होताना लायब्ररीतला कोडच वापरणाऱ्याच्या प्रोग्राममध्ये उतरवतात. मग सीमा कुठे आखायची? हा संशय दूर व्हावा म्हणून २०१७ मध्ये योगदान देणाऱ्यांकडे परवानगी मागायला सुरुवात झाली. नोव्हेंबर २०१९ मधल्या ७.५ आवृत्तीत रॅकेट सीएसचा (भाषेच्या नव्या इंजिनाचा) गाभा आणि स्टँडर्ड लायब्ररी एमआयटी किंवा अपाची २.०, हवं ते निवडा, अशी मोकळी झाली. जुनं बीसी इंजिन एलजीपीएलखालीच राहिलं. एलएलव्हीएमनेही याच कारणाने अपाचीला अपवाद जोडला: कंपाइल करताना आपला जो भाग तुमच्या बायनरीत (कंपाइल झालेल्या फाइलमध्ये) येतो, त्यासाठी श्रेयाच्या सूचना देण्याची सक्ती नाही. तुमच्या भाषेचा रनटाइम (प्रोग्राम चालताना लागणारा कोड), टेम्प्लेट, मॅक्रो यांपैकी काय कुठे पोहोचतं, याचा नकाशा लायसन्स निवडण्याआधीच काढा.

स्वतःचं लायसन्स लिहायचा मोह तर पूर्ण टाळा. २००० सालच्या पायथन १.६ च्या लायसन्समध्ये व्हर्जिनिया राज्याचा कायदा लागू होईल असं कलम होतं, आणि तेवढ्यावरून फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने ते जीपीएलशी जुळत नसल्याचं सांगितलं. तो गुंता १.६.१, २.०.१ अशा पुढच्या आवृत्त्यांपर्यंत चालला. पायथनच्या लायसन्स फाइलमध्ये जुन्या मालक संस्थांचे मजकूर आजही एकाखाली एक आहेत.

दुसऱ्यांचा कोड आत असेल तर आधी तो मोजा. जावा बनवणाऱ्या सन कंपनीने ती खुली केली तेव्हा फॉन्ट आणि आवाजाचा काही कोड इतरांच्या मालकीचा निघाला, आणि बदली कोड येईपर्यंत तिथे तयार बायनरी जोडाव्या लागल्या. डी भाषेच्या कंपायलरचा बॅकएंड (मशीनसाठीचा कोड तयार करणारा भाग) सिमँटेक या सॉफ्टवेअर कंपनीच्या हक्कांत अडकला होता. कंपनीने परवानगी दिली आणि एप्रिल २०१७ मध्ये तोही बूस्ट या सैल लायसन्सखाली आला. कंपनी मोठी आहे म्हणून विचारायचंच सोडून देऊ नका.

रिलीज झाल्यावरही लायसन्स शोधणारा स्कॅनर जुनंच लायसन्स दाखवत असेल, तर फाइलींच्या डोक्यावरचे हेडर, पॅकेजचा मेटाडेटा, इन्स्टॉलर आणि डॉक्युमेंटेशन तपासा. एसपीडीएक्स ओळख (लायसन्सचं ठरलेलं छोटं नाव) प्रत्येक फाइलमध्ये घाला. ज्यांनी जुनी आवृत्ती घेतली आहे त्यांचे जुने हक्क तसेच राहतात, त्यामुळे कोणत्या आवृत्तीपासून नवं लायसन्स लागू होतं, हे रिलीज नोटच्या पहिल्याच ओळीत लिहा.