जुनी वास्तू वाचवायची मोहीम: बातमी केव्हा आणि कशी द्यावी

न्यूयॉर्कचं पेनसिल्व्हेनिया स्टेशन पाडायची योजना १९६१ मध्ये जाहीर झाली. वास्तुविशारद निषेधाला रस्त्यावर उतरले ते ऑगस्ट १९६२ मध्ये, आणि ऑक्टोबर १९६३ मध्ये पाडकाम सुरू झालं. १९६५ मध्ये शहराने वारसा जपणारा कायदा केला, पण स्टेशन तोवर हातचं गेलं होतं. म्हणून छायाचित्रं आणि घोषणांच्या आधी एकच गोष्ट शोधा: निर्णय कोण घेणार आणि कोणत्या तारखेला? हरकती नोंदवायची मुदत, सुनावणी, परवानगीचा अर्ज या तारखा कागदावर मांडा. बातमी मुदत संपायच्या दोन-तीन आठवडे आधी यायला हवी, म्हणजे वाचलेल्या माणसाला हरकत लिहायला वेळ मिळतो.

मग एका पानाचं टिपण करा. बांधकामाचं वर्ष, कोणी बांधलं, मूळचं काय शिल्लक आहे, धोका नेमका कशाचा. प्रत्येक विधानामागे नकाशा, जुनी नोंद किंवा छायाचित्र हवं. वय फुगवू नका. दीडशे वर्षांची वास्तू तीनशे वर्षांची म्हणून छापून आली की विरोधक तेवढीच चूक धरून बसतात आणि उरलेलं खरंही संशयास्पद ठरतं.

सगळ्यात घातक चूक छायाचित्रांत होते. सहानुभूती मिळावी म्हणून लोक गळकं छप्पर आणि भेगा दाखवतात. तीच छायाचित्रं ‘इमारत धोकादायक आहे’ म्हणून पाडकामाच्या बाजूने वापरली जातात. भेगा दाखवायच्याच असतील तर दुरुस्ती शक्य असल्याचा स्ट्रक्चरल इंजिनिअरचा लेखी अहवाल सोबत द्या. जुनं छायाचित्र आणि त्याच कोनातून घेतलेलं आजचं, ही जोडी वाचकाला सगळ्यात लवकर पटते.

मालकाला खलनायक करू नका. दुरुस्तीचा खर्च त्याच्या माथी असतो. वास्तूचा नवा वापर काय, पैसा कुठून येईल, हे बातमीतच असू द्या. पर्याय नसलेली बातमी दोन दिवसांत विरते.

हॅशटॅगने लक्ष वेधलं जातं, पण फाइलवर जाते ती लेखी हरकत. एकाच मजकुराच्या शंभर प्रतींपेक्षा वेगवेगळी कारणं देणारी वीस पत्रं वजनदार ठरतात. पत्रावर नाव, पत्ता, सही, तारीख घाला आणि पोच घ्यायला विसरू नका.

प्रसिद्ध चेहरा उपयोगी पडतो, पण त्याला उभं राहायला कायद्याची जमीन लागते. न्यूयॉर्कच्याच ग्रँड सेंट्रल टर्मिनल या रेल्वे स्थानकासाठी १९७५ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांच्या विधवा पत्नी जॅकलीन केनेडी ओनासिस पुढे आल्या तेव्हा ती वास्तू १९६७ पासून संरक्षित यादीत होती. १९७८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्या संरक्षणावर शिक्कामोर्तब केलं. तुमची वास्तू यादीत नसेल तर नोंदणीचा अर्ज आजच करा आणि पत्रकाराला टिपणासोबत त्याची पोचही द्या.