स्क्वेअर डान्स कॉल करताना गाणी कशी निवडायची

स्क्वेअर डान्समध्ये चार जोड्या चौकोनात उभ्या राहून नाचतात आणि कॉलर, म्हणजे तुम्ही, पुढची मूव्ह सांगत जाता, तोच कॉल. आधी गाण्याचा स्पीड बघा. मिनिटाला साधारण 120 ते 128 बीट्स, त्यातच बसायला हवं, त्याच्यावर गेलात की नाचणारे चालायचं सोडून धावायलाच लागतात आणि 120 च्या फार खाली गेलात तर सगळे पेंगतात.

पॅटरसाठी, म्हणजे गाणं न गाता नुसते कॉल देत जायच्या भागासाठी, शब्द नसलेला, एकसारखा ठेका देणारा ट्रॅक घ्या, चाल फार लक्ष वेधणारी नको, कारण तिथे लोकांनी तुमचे कॉल ऐकायचेत, गाणं नाही.

सिंगिंग कॉलचं, म्हणजे गाणं गात-गात कॉल द्यायचं, गणित वेगळं. नेहमीच्या ट्रॅकमध्ये 64 बीट्सचा एक भाग असे सात भाग असतात: ओपनर (सुरुवातीचा भाग), दोन फिगर (पार्टनर बदलणारा मूव्हजचा क्रम), मधला ब्रेक, परत दोन फिगर, मग क्लोजर (शेवटचा भाग). प्रत्येक फिगरला कॉर्नरवाली (शेजारच्या जोडीतली) नवी पार्टनर होते, चार झाल्या की आपापली पार्टनर परत. म्हणून फिगर 64 बीट्समध्ये बसते का ते घरी चालून बघा, शेवटच्या प्रॉमिनेडलाच (जोडीने गोल चालत आपल्या जागी येण्याला) 16 बीट्स लागतात हे लक्षात ठेवा, नाहीतर जोड्या आपल्या जागी पोचायच्या आधीच पुढचा भाग सुरू.

आणि कॉल द्यायचा तो आधी! आधीची मूव्ह संपायच्या दोन-चार बीट्स अगोदर पुढचा शब्द कानावर पडला पाहिजे, म्हणजे पाय थांबत नाहीत.

सूर झेपत नसेल तर सॉफ्टवेअरमध्ये पट्टी खाली घ्या, स्पीड तोच राहतो. प्रॉमिनेडला मनसोक्त गा, बाकी ठिकाणी कॉल स्पष्ट ऐकू येणं जास्त महत्त्वाचं, सूर थोडा हलला तरी कोणी काही म्हणत नाही.