गोठणाऱ्या पावसात मुंबईकराने कसे राहावे

डिसेंबर ते एप्रिल या काळात मॉन्ट्रियल, ओटावा किंवा टोरांटो येथे मुलांकडे जाणाऱ्या मुंबईकरांसाठी हे टिपण आहे. थंडीची तयारी सगळेच करतात. जाड जॅकेटे, लोकरीचे मोजे आणि मेतकुटाची पाकिटे यांनी बॅगा भरतात. पावसाची तयारी मात्र कोणी करत नाही, कारण पावसाबद्दल आपल्याला कोणी काही शिकवावे असे मुंबईत जन्म काढलेल्या माणसाला वाटतच नाही. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झालेला आपण सोसला आहे, तेव्हा 10 मिलिमीटरच्या अंदाजाने शाळा बंद ठेवणारे शहर आपल्याला फारच नाजूक वाटते. मलाही पहिल्या हिवाळ्यात तसेच वाटले होते, आणि ते मत मनगटाला प्लास्टर चढेपर्यंत टिकले.

हा गोठणारा पाऊस बहुधा ढगातून बर्फ म्हणूनच निघतो. वाटेत शून्याच्या वरच्या तापमानाचा हवेचा थर लागला की त्याचे पाणी होते, आणि जमिनीलगत पुन्हा शून्याखालच्या हवेचा पातळ थर असला तर ते थेंब शून्याखाली थंड होऊनही पाणीच राहतात. फांदी, तार, पायरी, गाडीची काच, ज्याला शिवतील तिथे मात्र लगेच गोठतात. खालचा थर जाड असेल तर थेंब हवेतच गोठून टपटप गोळ्या पडतात, ज्या त्रासदायक असल्या तरी रवाळ असल्याने पायाला थोडी पकड देतात. सेंट लॉरेन्स नदीच्या खोऱ्यात थंड हवा जमिनीलगत अडकून राहते आणि दक्षिणेकडून आलेली उबदार, दमट हवा तिच्यावरून सरकते, म्हणून मॉन्ट्रियलच्या बाजूला हा प्रकार पुन्हा पुन्हा घडतो. तेथील फ्रेंच बोलणारे याला ‘वेर्ग्ला’ म्हणतात. बातम्यांत हा शब्द कानावर पडला की बाहेरची कामे त्याच दिवशी उरकून घ्यावीत.

अंदाज पाहताना आपली नजर नको त्या आकड्यावर जाते. मुंबईचे नोंदलेले सर्वांत कमी तापमान 7.4 अंश, तेही 1962 सालचे, त्यामुळे उणे 20 वाचून आपण घाबरतो आणि उणे 1 वाचून निर्धास्त होतो. चालणाऱ्याच्या दृष्टीने नेमके उलटे आहे. उणे 20 ला भुसभुशीत, कोरडे हिम असते आणि त्यावर बूट रुततो. शून्याच्या जरा खाली, रिमझिम पडत असताना, फूटपाथ नुसता ओला दिसतो. ओला दिसणारा तो फूटपाथ प्रत्यक्षात पारदर्शक बर्फाचा असतो. पावसाळ्यात चाळीच्या मोरीजवळची शेवाळलेली फरशी आठवावी आणि तसा आख्खा रस्ता कल्पावा.

माझी चूक अशी झाली. लेकीने ‘आई, आज खाली उतरू नकोस’ असे बजावले होते, पण दूध संपले होते आणि दुकान समोरच होते. मी छत्री उघडली, दुसरा हात उबेसाठी खिशात घातला आणि दुसऱ्याच पायरीवर घसरले. कठड्याला पकडायला गेले तर कठड्यावरही बोटभर जाड काच चढलेली होती. हात लावल्याबरोबर निसटला. म्हणून छत्री नको, टोपीचे जॅकेट हवे, आणि दोन्ही हात मोकळे हवेत. बुटांवर रबराने चढवायचे खिळ्यांचे पट्टे मिळतात, ते तिथेच घ्यावेत आणि दुकानाच्या किंवा मॉलच्या गुळगुळीत फरशीवर जाताना आठवणीने काढावेत, कारण तिथे तेच आपल्याला पाडतात. चाल कशी असावी हे शिकायला कॅनडा गाठायची गरज नाही; राणीच्या बागेतले पेंग्विन पाहून यावे. पावले किंचित बाहेर वळलेली, अंतर टीचभर, गुडघे सैल, आणि सगळा भार पुढच्या पायावर घेऊन पाऊल सपाट टेकवायचे. नातवंडे हसतील, हसू द्यावे.

दारासमोरच्या पायऱ्यांवर मीठ पाऊस सुरू होण्याआधी किंवा अगदी सुरुवातीला टाकावे. थंडी उणे 10 च्या आसपास गेली की साधे मीठ फारसे काम करत नाही, मग वाळू किंवा बारीक खडी. गाडीच्या काचेवर गरम पाणी ओतण्याचा आपल्याकडचा उत्साही उपाय जावयाला सुचवू नये, काच तडकते.

खरा प्रश्न विजेचा आहे. मॉन्ट्रियल ज्या प्रांतात आहे त्या क्विबेकमधली बहुतेक घरे विजेवर तापतात, म्हणजे तारा तुटल्या की उजेडाबरोबर ऊबही जाते. जानेवारी 1998 च्या गोठणाऱ्या पावसाच्या वादळात, बर्फाच्या भाराने पोलादी मनोरे ओळीने कोसळल्यावर, मॉन्ट्रियलच्या दक्षिणेकडे काही घरे महिनाभर अंधारात होती. 5 एप्रिल 2023 रोजीही त्या प्रांतात 10 लाखांहून अधिक वीजग्राहकांचा पुरवठा तुटला. कॅनडाचे सरकार 72 तास पुरेल इतके सामान घरी ठेवायला सांगते, आणि माणशी रोज दोन लिटर पाणी धरते. त्यात आपल्या गोळ्या, टॉर्च, सेल आणि चार्ज केलेली पॉवर बँक धरावी. चिवडा, लाडू, खाकरे अशा वेळी फार कामी येतात. फ्रिज बंद ठेवला तर चार तास आणि भरलेला फ्रीझर सुमारे 48 तास टिकतो, म्हणून उगाच उघडून पाहू नये. सगळ्यांनी एकाच खोलीत, दारे लावून झोपावे. जनरेटर, कोळशाची शेगडी किंवा बार्बेक्यू मात्र घरात किंवा गॅरेजमध्ये कधीही पेटवू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि 1998 मध्ये त्यानेही माणसे दगावली.

पाऊस थांबला, ऊन पडले आणि झाडे झुंबरासारखी चमकू लागली की फोटोसाठी बाहेर धावण्याचा मोह होतो. तोच वेळ फांद्या मोडण्याचा आणि छपरांवरून बर्फाच्या पागोळ्या सुटण्याचा असतो. झाडाखालून जाऊ नये, आणि लोंबणाऱ्या तारेपासून, ती मेलेली वाटली तरी, किमान 10 मीटर दूर राहावे.

मुंबईत मागे राहिलेल्यांनी एक करावे. बातमी पाहून प्रत्येकाने वेगळा फोन लावू नये, कारण तिकडे बॅटरी जपून वापरायची असते. एकानेच संदेश पाठवावा आणि इतरांना कळवावे. हिवाळ्यात मॉन्ट्रियल आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असते, तेव्हा आपला सकाळचा चहा होतो त्या वेळी तिकडे अंधार पडून दोन-तीन तास झालेले असतात.