चाकांची केस घेण्यापूर्वी : ८८ पट्ट्यांच्या कीबोर्डसाठी तयारीची यादी

कीबोर्डसाठी चाकांची केस, म्हणजे वाद्य ठेवून ओढत नेण्याची पेटी, घ्यायची असेल तर दुकानात पाऊल टाकण्यापूर्वी पहिले काम मोजपट्टी काढण्याचे, आणि त्याच्याही आधीचे काम ‘फुल साईज’ या शब्दाचा नेमका अर्थ विचारून घेण्याचे. विक्रेते हा शब्द दोन अर्थांनी वापरतात. कोणी त्याने पट्टीची रुंदी पियानोइतकी आहे एवढेच सांगतो, तर कोणाला पूर्ण ८८ पट्ट्यांचे वाद्य म्हणायचे असते. पांढरी पट्टी सुमारे साडेतेवीस मिलिमीटर रुंद धरली, तर ६१ पट्ट्यांच्या कीबोर्डमधील ३६ पांढऱ्या पट्ट्या जवळपास ८५ सेंटिमीटर जागा घेतात आणि ८८ पट्ट्यांमधील ५२ पांढऱ्या पट्ट्या १२२ सेंटिमीटर. दोन्ही वाद्ये खोक्यावर ‘फुल साईज’च असतात, पण एकाची केस दुसऱ्याला कधीही होणार नाही. येथे मी ८८ पट्ट्यांच्या वाद्याविषयीच लिहीत आहे, कारण चाकांची खरी गरज तेथूनच सुरू होते.

‘८८ की’ असे लिहिलेली केस ८८ पट्ट्यांच्या प्रत्येक वाद्याला बसेल, असेही समजू नये. यामाहा पी-४५ हे वाद्य १३२.६ सेंटिमीटर लांब, २९.५ रुंद आणि १५.४ उंच असून त्याचे वजन साडेअकरा किलो आहे. कॅसिओचे पीएक्स-एस१००० लांबीला जवळपास तेवढेच, पण रुंदीला २३.२ आणि उंचीला अवघे १०.२ सेंटिमीटर. उलट यामाहाचे मोंटाज ८ लांबीला १४५, रुंदीला ४१ सेंटिमीटरच्या थोडे पुढे आणि वजनाला २९ किलो आहे. तिन्हींच्या पट्ट्या सारख्याच ८८. म्हणून माहितीपत्रकातील आकडे उतरवून घ्यावेत, पण त्यांवरच विसंबू नये. उंची मोजताना सर्वांत वर आलेल्या गोल बटणाच्या टोकापर्यंत मोजावी, आणि मागच्या बाजूला कायम लावून ठेवलेली वायरीची एखादी पिन असेल तर ती प्रवासात काढणार की नाही, हे आधीच ठरवून रुंदी मोजावी. केसच्या आतील मापात प्रत्येक बाजूला एक-दोन सेंटिमीटर जागा पुरेशी होते. त्याहून सैल केस घेऊन फट कपड्यांनी भरण्याची सवय अनेकांना असते, पण कपडे सरकतात आणि तिसऱ्या गतिरोधकापर्यंत वाद्य पुन्हा आपटू लागते. फट भरायचीच असेल तर घट्ट फोमचे कापलेले तुकडे बसवावेत. थर्माकोल मात्र वापरू नये, कारण त्याचे दाणे पट्ट्यांच्या फटींत जाऊन बसतात आणि मग ते काढण्यात रविवारची सकाळ जाते.

वाद्य मोजून झाले की वाट मोजावी. घराच्या दारापासून रंगमंचापर्यंत वाद्य कोणत्या मार्गाने जाते, ते एकदा कागदावर लिहून काढावे : जिन्याच्या पायऱ्या किती, वळणावरचा चौथरा किती रुंद, लिफ्टचा दरवाजा सरकता की जाळीचा, गाडी कोणाची, नाट्यगृहाच्या मागच्या दाराशी उतार आहे की पायऱ्या. यासाठी एक साधा उपाय फार उपयोगी पडतो. फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा मिळवून केसच्या बाहेरील लांबी-रुंदीचा तुकडा कापावा आणि तो घेऊन जिन्यात, लिफ्टमध्ये व गाडीत फिरून यावे. शेजारी विचित्र नजरेने पाहतील, ते पाहू द्यावे. लहान मोटारीत मागची पाठ पाडून १४० सेंटिमीटरचा पुठ्ठा तिरपा बसतो की नाही, हे पाच मिनिटांत कळते, आणि बसला तरी वाद्य ठेवल्यावर गायिकेला बसायला जागा उरते की नाही, हेही कळते.

आता केसचा प्रकार. बाजारात ढोबळमानाने चार प्रकार दिसतात : चाके लावलेली कापडी बॅग, आत कडक फोम असलेली हलकी केस, साच्यात घडवलेली प्लास्टिकची हार्डकेस, आणि प्लायवूडला अॅल्युमिनियमच्या कडा मारून केलेली पेटी, जिला आपल्याकडे सरसकट फ्लाइट केस म्हणतात आणि जी मापाप्रमाणे करूनही मिळते. मजबुतीच्या नावाखाली या चौथ्या प्रकाराकडे लगेच वळणाऱ्यांनी एक हिशेब करून पाहावा. दीड मीटर लांब, ४५ सेंटिमीटर रुंद आणि २५ सेंटिमीटर उंच पेटीला सव्वादोन चौरस मीटरपेक्षा थोडे जास्त प्लायवूड लागते. नऊ मिलिमीटर जाडीने त्याचेच वजन बारा-साडेबारा किलो भरते, आणि कडा, कड्या, मुठी, चाके व फोम मिळून ती पेटी सहज वीस किलोवर जाते. म्हणजे साडेअकरा किलोचे वाद्य नेण्यासाठी आपण वीस किलोचे घर ओढत असतो. टेम्पोतून चार ध्वनिवर्धकांसोबत जाणाऱ्या वाद्यवृंदाच्या वाद्याला ही पेटीच हवी, याबद्दल माझे दुमत नाही. मात्र महिन्यातून दोनदा रिक्षा किंवा स्वतःच्या गाडीने भावगीतांच्या मैफलीला जाणाऱ्या वादकाला कडक फोमची केस पुरते, आणि बहुधा तीच अधिक शहाणपणाची ठरते.

चाके आहेत, मग वजनाची काळजी कशाला, असा प्रश्न येथे विचारला जातो. एका टोकाला दोन चाके आणि दुसऱ्या टोकाला मूठ अशी रचना असेल, तर वजनाचा निम्मा भार चाकांवर आणि निम्मा हातावर येतो, कारण वाद्याचा गुरुत्वमध्य साधारण मधोमध असतो. बॅगेसह १७ किलो झाले तर साडेआठ किलो हातात, आणि त्याच रचनेची ३२ किलोची पेटी असेल तर १६ किलो हातात, तेही चालताना, एकाच मनगटावर. शिवाय हात जमिनीपासून पाऊण मीटरवर असतो आणि केस एक मीटर चाळीस सेंटिमीटर लांब असते. त्यामुळे ती बरीच आडवी राहते आणि तिचे मागचे टोक आपल्यामागे एक मीटर वीस सेंटिमीटरवर फिरत असते. गर्दीच्या फलाटावर आपण वळलो तरी ते टोक लगेच वळत नाही, आणि मागून येणाऱ्याच्या नडगीला ते कळते. चार फिरती चाके असलेल्या पेटीत हातावर भार येत नाही, मात्र तेथे निदान दोन चाकांना ब्रेक असलाच पाहिजे. ब्रेक नसलेली पेटी टेम्पोत एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर जात राहते.

चाकांची तपासणी घाईने करू नये, कारण केसमधली सर्वांत आधी मोडणारी वस्तू तीच असते. चार-पाच सेंटिमीटर व्यासाची कडक प्लास्टिकची चाके दुकानाच्या गुळगुळीत फरशीवर छान पळतात आणि बाहेरच्या पेव्हर ब्लॉकवर पाऊल टाकताच खडखडाट करू लागतात. तो खडखडाट जसाच्या तसा पट्ट्यांपर्यंत आणि आतील स्क्रूंपर्यंत पोहोचतो. सात-आठ सेंटिमीटरचे, स्केटिंगच्या बुटांना असते तसे मऊसर चाक घ्यावे. त्याच्या बेअरिंगवर ६०८ हा आकडा असेल तर अधिक बरे, कारण आठ मिलिमीटर भोक आणि बावीस मिलिमीटर व्यासाचे हे बेअरिंग हार्डवेअरच्या दुकानांत सहज आणि स्वस्तात मिळते. चाक कशाने बसवले आहे, हे त्याहून महत्त्वाचे आहे. माझ्या पहिल्या केसचे एक चाक कार्यक्रमाहून परतताना स्टेशनच्या पुलाच्या उतारावर निखळले. चाकाला काहीच झाले नव्हते. ते ज्या रिव्हेटने बसवले होते, तेच प्लास्टिक फाडून बाहेर आले होते. राहिलेला अर्धा किलोमीटर मी आणि आमच्या तबलजींनी ती केस दोन्ही टोकांना धरून डोलीसारखी नेली, आणि तेव्हा लक्षात आले की चाकांच्या टोकाला मूठच नाही. म्हणून चाक नटबोल्टने बसवलेले व बदलता येण्याजोगे असावे, दोन्ही टोकांना शिवलेल्या मुठी असाव्यात आणि लांब कडेला मधोमध आणखी एक असावी. जिन्यावर चाकांचा उपयोग नसतो; तेथे या मुठीच लागतात.

आतील बाजू पाहताना हात घालून पाहावे, केवळ डोळ्यांनी नव्हे. चाकांच्या टोकाला फोम सर्वांत जाड हवा, कारण केस उभी केली की सगळे वजन त्या टोकावर येते, आणि चाकांच्या घरांचे बोल्ट आत टोचत असतील तर ते प्रथम वाद्याच्या कडेला भेटतात. वाद्य जागेवर धरणारे किमान दोन पट्टे असावेत. बाहेरचा कप्पा कोठे आहे, हे कोणी पाहत नाही, आणि मीही पाहिले नव्हते. माझ्या दुसऱ्या बॅगेचा कप्पा बरोबर पट्ट्यांवर येत असे. त्यात अॅडॉप्टर ठेवून बॅग डिकीत टाकली, वर कोणीतरी स्टँड ठेवला, आणि मंद्र सप्तकातील काळी दोन ही पट्टी त्या दिवसापासून दाबली की वर यायला आळस करू लागली. अॅडॉप्टर, पेडल आणि वायरी यांसाठी वेगळी झोळी ठेवावी आणि कप्प्यात वहीपेक्षा जाड काही घालू नये.

चेन तीन बाजूंनी पूर्ण उघडणारी, जाड दातांची आणि दोन रनर असलेली असावी. पावसाबद्दल विक्रेता ‘वॉटरप्रूफ’ म्हणेल. कापड तसे असेलही, परंतु पाणी शिवणीतून आणि चेनीतून शिरते. आणखी एक वाट खालून असते : चाके ओल्या रस्त्यावरचा चिखल मागच्या अंगावर उडवतात आणि तो चाकांच्या घराच्या फटीतून आत जातो. कोकणात एका दौऱ्यानंतर केसच्या तळाच्या फोमवर तांबड्या मातीच्या दोन स्वच्छ रेघा उमटलेल्या मी पाहिल्या आहेत. जून ते सप्टेंबर वर टाकायला प्लास्टिकचे मोठे आवरण आणि आत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात, आणि घरी आल्यावर केस उघडी ठेवून वाळवावी. ओला फोम बंद राहिला की बुरशी धरतो. मे महिन्यात काळ्या रंगाची केस बंद गाडीत ठेवल्यास फोमचा गोंद सुटतो, हेही विदर्भात जाणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

प्रवास रेल्वेचा असेल तर नियम आधी वाचावा. डब्यात सोबत नेण्याच्या पेटीला १०० × ६० × २५ सेंटिमीटर ही मर्यादा आहे, आणि वातानुकूलित थ्री टियर व चेअर कारमध्ये ती ५५ × ४५ × २२.५ इतकी कमी आहे. ८८ पट्ट्यांची कोणतीही केस यात बसत नाही. कागदोपत्री ती ब्रेकव्हॅनमध्ये, म्हणजे गाडीच्या सामानाच्या डब्यात, नोंदवावी लागते, आणि ब्रेकव्हॅनमध्ये कापडी बॅग देणे म्हणजे वाद्यावर पाणी सोडणे होय. विमानात लांबी, रुंदी व उंची यांची बेरीज बहुतेक कंपन्या १५८ सेंटिमीटरपर्यंत मानतात, आपली बेरीज दोनशेच्या आसपास जाते. त्यामुळे जादा आकाराच्या सामानाची नोंद आधी करावी लागते. सामानाच्या एका नगाचे वजन ३२ किलोपेक्षा अधिक चालत नाही, हे लक्षात घेतले तर पी-४५ प्लायवूडच्या पेटीत जेमतेम बसते आणि मोंटाज ८ पेटीसह मालवाहतुकीतूनच पाठवावे लागते. अमेरिकेतील महाराष्ट्र मंडळांच्या कार्यक्रमांना जाणाऱ्यांनी तेथील सुरक्षा तपासनिसांना उघडता येईल असेच टीएसए कुलूप लावावे, अन्यथा ते तोडले जाऊ शकते.

सर्व ठरल्यावर खरेदीला जाताना स्वतःचे वाद्य सोबत न्यावे, तेवढे कष्ट घ्यावेत. केसमध्ये ते ठेवून चेन पूर्ण लावावी, केस एकदा उभी करावी, आडवी करावी, हलवून आतून आवाज येतो का ते ऐकावे, आणि मग दुकानाचा उंबरा ओलांडून समोरच्या पदपथावर वीस पावले ओढून आणावी. परत आल्यावर केस उघडून पहिल्या पट्टीपासून अठ्ठ्याऐंशीव्या पट्टीपर्यंत बोट फिरवावे, आणि पैसे देण्यापूर्वी चाकांची एक जादा जोडी त्याच दुकानातून मागून घ्यावी.