बागेत डबापार्टी करायचीय? आधी गेटवरचा फलक वाचा

गेल्या नवरात्रात आमच्या सोसायटीतल्या बायकांनी भोंडला जवळच्या बागेत करायचं ठरवलं. हत्ती काढलेला पाट, सतरंज्या, खिरापतीचे डबे असा सगळा लवाजमा घेऊन दुपारी दीडला पोचलो, तर गेटला साखळी. वॉचमन आत बाकावर पेपर वाचत बसलेला. "ताई, एक ते तीन बंद. बोर्ड नाही वाचला?" बोर्ड होता, पण बोगनवेलीच्या मागे. मग दीड तास फुटपाथवर. वेळ जाईना म्हणून डबे कानाशी हलवून बघत राहिलो. गेट उघडलं तोवर निम्म्या खिरापती ओळखून झाल्या होत्या.

म्हणून पहिलं काम हे: ठरलेल्या दिवसाच्या आठवडाभर आधी, ज्या वेळेला जायचंय नेमक्या त्याच वेळेला बागेवर एक चक्कर मारा आणि फलकाचा फोटो काढून ग्रुपवर टाका. गुगलवरच्या वेळेवर विसंबू नका. झाडांना पाणी, झाडलोट यासाठी कितीतरी बागा दुपारी बंद असतात, आणि नेमकी तीच आपली जेवायची वेळ. आत खाऊ द्यायचं की नाही हेही फलकावरच कळतं. साप्ताहिक सुट्टी बघा. राणीची बाग बुधवारी बंद असते. बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर त्या दिवशी उघडी आणि दुसऱ्या दिवशी बंद. बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान सोमवारी बंद.

दुसरं काम, बाग कुणाची ते शोधायचं. इथेच लोक चुकतात आणि भलत्या ऑफिसात अर्ज देऊन येतात. गल्लीतली बाग बहुतेक वेळा महापालिकेची. राष्ट्रीय उद्यान वन विभागाचं, तिथे 1972 चा वन्यजीव कायदा लागतो. चूल, शेगडी, माकडांना खाऊ यातलं काहीही चालत नाही. त्याच जंगलातली कान्हेरी लेणी मात्र पुरातत्त्व विभागाची. सोसायटीच्या आवारातली आर.जी., म्हणजे खेळायला राखलेली मोकळी जागा असेल तर अर्ज महापालिकेला नाही, कमिटीच्या सेक्रेटरींना.

आता मुख्य प्रश्न: परवानगी लागते का? सतरंजी टाकून दहाबारा जणांनी डबे उघडले तर कुणी कागद मागत नाही. माझा ठोकताळा सोपा आहे. सामान हातातून नेता येत असेल तर ती सहल. टेम्पो सांगावा लागला तर तो कार्यक्रम. मंडप, भाड्याच्या खुर्च्या, बॅनर, शेगडी किंवा स्पीकर यातलं एकही असलं तर अर्ज द्या. वाढदिवसाला झाडाला खिळे ठोकून फुगे टांगणारेही दिसतात. ते परवानगी असली तरी करू नका.

स्पीकरचं प्रकरण वेगळंच. बागेची परवानगी मिळाली म्हणजे स्पीकरची मिळाली असं नाही. ध्वनिक्षेपकाला 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार वेगळी लेखी परवानगी लागते आणि त्यासाठी पोलीस ठाण्यात जावं लागतं. रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर स्पीकर बंदच. त्यात रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीचा 100 मीटरपर्यंतचा भाग सरकार शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करू शकतं. मुंबईत अशी बाग शोधून काढा जिच्या शंभर मीटरवर शाळाही नाही आणि हॉस्पिटलही नाही! शिवाजी पार्क तर उच्च न्यायालयाने 2010 मध्ये शांतता क्षेत्र ठरवलं. भोंडल्याची गाणी गळ्यातून म्हणता येतात, हे आम्हाला तेव्हा उमगलं.

अर्ज कसा लिहायचा? तुमच्या विभाग कार्यालयात, म्हणजे वॉर्ड ऑफिसात, उद्यान खात्याचे सहायक उद्यान अधीक्षक असतात. अर्ज त्यांच्या नावे, साध्या मराठीत, एका पानात. निदान तीन आठवडे आधी द्या. आमच्या दुसऱ्या खेपेच्या अर्जातला कामाचा भाग एवढाच होता:

"सदर दिवशी दुपारी 3 ते 5.30 या वेळेत आमच्या सोसायटीतील 30 महिला भोंडला खेळण्यासाठी उद्यानात जमणार आहेत. मंडप व ध्वनिक्षेपक नाही. अन्न शिजवले जाणार नाही. कचरा आम्ही परत नेऊ."

काय आणणार यापेक्षा काय आणणार नाही हे जास्त उपयोगी पडतं. नुसतं "कार्यक्रमासाठी परवानगी मिळावी" असं लिहिलंत, तर टेबलापलीकडच्या माणसाच्या डोळ्यांसमोर लगेच मंडप, भाषणं आणि पुढारी उभे राहतात. खाली एका जबाबदार व्यक्तीचं नाव आणि मोबाइल नंबर. अर्जाच्या दोन प्रती न्या. एकीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. "ठेवून जा, बघतो" याला पोच म्हणत नाहीत. शुल्क किंवा अनामत सांगितली तर पावती घ्या आणि मूळ पावती जपून ठेवा, अनामत परत मिळवताना तीच मागतात. परवानगीच्या पत्राची झेरॉक्स आदल्या दिवशी वॉचमनला दाखवून या. पत्र वरिष्ठांनी दिलेलं असतं, पण चावी त्याच्याकडे असते.

सामान भरताना थर्माकोलच्या प्लेटा आणि प्लास्टिकचे चमचे घरीच ठेवा. राज्यात 2018 पासून त्यावर बंदी आहे आणि पहिल्याच वेळी 5000 रुपये दंड आहे. प्रत्येकीने आपली ताटली-वाटी आणली की प्रश्न मिटतो. दोन मोठ्या कापडी पिशव्या फक्त कचऱ्यासाठी घ्या. बागेतली कचराकुंडी तीस जणांच्या उष्ट्यासाठी ठेवलेली नसते. निघायची तयारी बंद व्हायच्या वेळेच्या पंधरा मिनिटं आधी सुरू करा, कारण शिट्टी वाजल्यावर सतरंज्या झटकत बसलेल्या बायका बघून वॉचमनचा पारा चढतो.

आणि कोजागिरीचं कुणी मनात आणलं असेल तर बाग विसरा. चंद्र डोक्यावर येईपर्यंत गेटला कुलूप लागलेलं असतं. मसाला दूध गच्चीवरच आटवा. तिथली परवानगी फक्त सेक्रेटरींची, आणि पाण्याच्या टाकीजवळ कुणी पाय सोडून बसणार नाही एवढीच त्यांची अट.